मेंढीचा चारा आणि बाईचा हिशेब

(सोलापूर जिल्ह्यातील महिला बचतगट व संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर आहे.)

आजच्या सत्राचा विषय फळ्यावर वाचून तुमच्यापैकी काहीजणींनी एकमेकींकडे पाहिलं, ते मी बघितलं. आपण इथे हिंसाचारावर बोलतो, सातबाऱ्यावर बोलतो, रेशनवर बोलतो. मग मेंढीनं काय खावं हा प्रश्न आपल्या शिबिरात कशाला? तो जनावरांच्या डॉक्टरांचा विषय, असं वाटणं साहजिक आहे. पण सांगोला, मंगळवेढा, माळशिरस, करमाळा भागातून आलेल्या बायांना मी एकच प्रश्न विचारते. संध्याकाळी मेंढरं वाड्यावर आली की कोणती मेंढी गाभण आहे, कोणती खात नाही, कोणत्या कोकराला आई पाजत नाही, हे घरात सगळ्यात आधी कोणाला कळतं? आणि त्या मेंढराचा बाजारात सौदा होतो तेव्हा तिथे कोण उभं असतं?

या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत, म्हणून हा विषय आपला आहे. मेंढी काय खाते यावर तिचं दूध, तिचं आजारपण, कोकराचं जगणं आणि शेवटी मटणाचा दर्जा ठरतो. हे सगळं बाईच्या हातून घडतं, पण किंमत ठरवण्याच्या वेळी तिचा हात तिथे नसतो. आज आपण आधी चाऱ्याचं शास्त्र समजून घेऊ आणि मग त्या हाताबद्दल बोलू.

लोकर गेली, मटण राहिलं

आपल्या भागातली मेंढी म्हणजे दख्खनी. काळी, काटक, कमी चाऱ्यावर तग धरणारी, लांब चालणारी. शेजारच्या जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली आणि वजनाला लवकर भरणारी, म्हणून तिलाही आता मागणी आहे. पूर्वी मेंढीपासून तीन गोष्टी मिळत : लोकर, शेतात मेंढरं बसवल्याचा मोबदला आणि कोकरं. लोकर कातरल्यावर सूत कातण्याचं काम मोठ्या प्रमाणात बाया करत. घोंगडीच्या व्यवहारात त्यांच्या हाताला थोडा का होईना पैसा लागायचा. दख्खनी लोकर जाडीभरडी. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांपुढे घोंगडी मागे पडली आणि लोकरीला कातरणीची मजुरी सुटेल इतकाही भाव राहिला नाही. आता मेंढीचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः मटणासाठी विकलेलं जनावर. म्हणजे बाईच्या हाताशी असलेलं उत्पन्न संपलं आणि पुरुषांच्या बाजारातलं उत्पन्न उरलं. काम मात्र तिचं कमी झालं नाही, उलट वाढलं. ते कसं, याकडे मी पुढे येते.

मेंढीचं पोट म्हणजे एक वस्ती

मेंढीच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला सगळ्यात मोठा. त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. आपल्याला कडबा पचत नाही, मेंढीला पचतो, तो या जिवांमुळे. ते चारा कुजवतात, आंबवतात, आणि त्यातून मेंढीला ताकद आणि प्रथिनं मिळतात. म्हणून मेंढीला खायला घालणं म्हणजे खरं तर या वस्तीला खायला घालणं.

या वस्तीचा एक स्वभाव आहे. तिला अचानक बदल चालत नाही. वाळल्या चाऱ्यावरचं जनावर एकदम हिरव्या लसलशीत रानात सोडलं किंवा एकदम धान्य घातलं, की जुने जीव मरतात आणि नको ते वाढतात. म्हणून कोणताही नवा चारा किंवा खुराक सुरू करायचा तर दहा ते चौदा दिवसांत थोडाथोडा वाढवत न्यायचा. आज ऐकलेल्या गोष्टींपैकी एकच लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

किती लागतं? ढोबळ हिशेब असा, की वाळवून मोजला तर जनावराच्या वजनाच्या शंभराला तीन ते चार भाग चारा रोज पोटात गेला पाहिजे. तीस किलोच्या मेंढीला साधारण एक किलो. हिरवा चारा असेल तर त्यात पाणीच जास्त, म्हणून तो वजनाला तीन-चार पट लागतो. नुसतं पोट भरून मात्र भागत नाही. आपल्याकडच्या ज्वारीच्या कडब्यानं पोट भरतं, पण त्यात प्रथिनं फार कमी. ती तूर, हरभरा, हुलगा, मटकी यांच्या भुसकटातून, भुईमुगाच्या पाल्यातून, शेवरी, हादगा, बोर यांच्या पाल्यातून आणि बाभळीच्या शेंगांमधून येतात. कडब्याला डाळीच्या भुसकटाची जोड द्यायची, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. भाकरीबरोबर वरण लागतं तसंच आहे हे.

गाभण मेंढीचे शेवटचे सहा आठवडे

मेंढी साधारण पाच महिने गाभण असते. पहिले तीन-साडेतीन महिने पोटातलं कोकरू फारसं वाढत नाही. त्याची दोन-तृतीयांशाहून जास्त वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. याच काळात कास भरायला लागते. आणि याच काळात पोटात कोकरानं जागा व्यापल्यामुळे मेंढीला एका वेळी जास्त खाता येत नाही. म्हणजे गरज वाढलेली आणि जागा कमी. अशा वेळी नुसत्या चराईवर ठेवली तर मेंढी स्वतःच्या अंगावरचं काढून कोकराला देते. रोज दोनशे ते अडीचशे ग्रॅम खुराक, म्हणजे भरडा आणि पेंड मिळून, दिला तर कोकरू वजनदार होतं, चीक चांगला येतो आणि मेंढी विल्यानंतर उभी राहते.

पोटात जुळं असेल आणि खायला कमी असेल तर धोका मोठा. अंगातली चरबी इतक्या वेगानं वितळते की काळजाला, म्हणजे यकृताला ती झेपत नाही. मेंढी कळपापासून बाजूला उभी राहते, दात खाते, डोळ्यांना दिसत नसल्यासारखी चालते, आणि मग बसते ती उठत नाही. लोक म्हणतात, वाऱ्यानं धरलं. खरं तर तिला उपासानं धरलेलं असतं. अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरला त्याच दिवशी बोलवायचं.

इथे शेजारच्या फलटणचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकापासून एक महत्त्वाचं काम केलं. बंगालच्या सुंदरबनातली गारोळ नावाची लहानखुरी मेंढी एका वेताला दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते. तिच्यातला जुळ्यांचा गुण संकरातून दख्खनी मेंढीत आणला गेला आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. एका मेंढीमागे जास्त कोकरं म्हणजे जास्त उत्पन्न, हे खरंच आहे. पण जुळं पोसायला मेंढीला जास्त खुराक लागतो, अशक्त कोकराला बाटलीनं दूध पाजावं लागतं, दोन्ही कोकरांना चीक मिळाला का ते बघावं लागतं. हे कोण करणार? म्हणून गावात अशी मेंढी आणण्याची चर्चा होईल तेव्हा आपण दोन गोष्टी विचारायच्या : खुराकाचा पैसा कुठून येणार, आणि वाढलेलं काम कोण वाटून घेणार.

चिकाबद्दल एक वाक्य. कोकरू जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. रोगाशी लढण्याची शक्ती त्याला तिथूनच मिळते. अजूनही काही घरांत चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकतात. आपल्या बाळांच्या बाबतीतही हेच करत होतो, आणि अंगणवाडीच्या बायांनी वर्षानुवर्षं सांगून ते बदललं. कोकराच्या बाबतीतही बदलू.

चाऱ्यातून येणारे आजार आणि बाईवर येणारा ठपका

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो. कळपातलं चांगलं धडधाकट जनावर एका रात्रीत मरतं, तेव्हा घरात कारण शोधलं जातं. दृष्ट लागली. विटाळशी बाई मेंढरांत गेली. नवी सून पांढऱ्या पायाची. आपल्या बैठकांमध्ये बायांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. म्हणून चाऱ्यातून मरण कसं येतं हे प्रत्येकीला माहीत असलं पाहिजे. ते माहीत असेल तर ठपका ठेवणाऱ्याला उत्तर देता येतं.

पहिलं, धान्य जास्त होणं. सुगीत खळ्यावर मेंढरं घुसतात, काढलेल्या रानात पडलेली कणसं खातात, लग्नाच्या मांडवातला उरलेला भात त्यांच्यापुढे ओततात. पोटातले जीव त्या धान्याचं काही तासांत आम्ल करतात. जनावर खाणं सोडतं, रवंथ थांबतो, पातळ हगवण लागते आणि ते मान टाकतं. खळ्याची राखण आणि उष्टं अन्न न घालणं हाच यावर उपाय.

दुसरं, आंत्रविषार. कोवळा हिरवा चारा किंवा धान्य अचानक भरपूर मिळालं की आतड्यात आधीपासून असलेले जंतू वाढतात आणि विष तयार करतात. यात सगळ्यात आधी मरतं ते कळपातलं सगळ्यात पुष्ट, सगळ्यात जास्त दूध पिणारं कोकरू. म्हणूनच लोकांना दृष्टीची शंका येते! पण त्याची लस आहे. पावसाळ्यापूर्वी ती टोचून घ्यायची, पहिल्यांदा टोचत असाल तर साधारण दोन आठवड्यांनी दुसरा डोस घ्यायचा. दृष्ट काढायला मीठ-मिरची ओवाळणारी बाई लस कधी टोचायची हेही लक्षात ठेवू शकते.

तिसरं, किराळ. ज्वारीचे कोवळे पोंगे, पावसानं ताण दिल्यावर खुरटलेलं पीक आणि कापल्यानंतर आलेले फुटवे यांत विष असतं. जनावर खाता खाता थरथरतं, पडतं आणि थोड्या वेळात मरतं. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी चारायची नाही. तीच ज्वारी पक्व होऊन तिचा कडबा झाला की चालते.

चौथं, बुरशी. पावसात भिजलेली शेंगदाण्याची पेंड, काळा पडलेला कडबा ‘टाकून कशाला द्यायचा’ म्हणून मेंढराला घातला जातो. बुरशीचं विष यकृतावर बसतं. जनावर लगेच मरत नाही, पण वाढ खुंटते, गाभ पडतो.

पाचवं आपल्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाचं आहे, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. सांगोल्यापासून सगळीकडे डाळिंबाच्या बागा झाल्या. देशाचं डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. तेल्या आणि बुरशीसाठी बागांवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आणि तांब्याची इतर औषधं फवारतात. खालच्या गवतावर ती पडतात. बाया ते गवत कापून आणतात, किंवा मेंढरं बागेत सोडतात. गाईम्हशींना जेवढं तांबं चालतं तेवढं मेंढीला चालत नाही. ते तिच्या यकृतात साठत जातं. काही आठवडे, काही महिने काहीच दिसत नाही आणि एक दिवस काविळीसारखे पिवळे डोळे, गडद लाल लघवी, आणि मरण. याच कारणासाठी गाईचा खुराक, कोंबड्यांचं खाद्य किंवा गाईचं क्षारमिश्रण मेंढीला द्यायचं नाही. मेंढीसाठी वेगळं क्षारमिश्रण मिळतं, तेच मागायचं. आणि बागेतलं गवत आणण्याआधी काय फवारलं, कधी फवारलं हे मालकाला विचारायचं. तो प्रश्न आपल्यासाठीही आहेच, कारण ते गवत आपण उघड्या हातांनी कापतो.

उसाच्या वाढ्याबद्दलही विचारलं जातं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. गळीत हंगामात वाढं स्वस्त मिळतं, दुष्काळात तर तेवढंच मिळतं. थोडं चालेल. पण नुसत्या वाढ्यावर ठेवलं तर त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मेंढ्यांना याचा त्रास होतो. कडबा, भुसकट, झाडपाला यांच्याबरोबर मिसळूनच द्यायचं.

पापणी उलटून बघा

पावसाळ्यात मेंढरांना जंत होतात. त्यांतला एक जंत पोटात राहून रक्त पितो. मेंढी वाळते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. हे ओळखण्याची सोपी पद्धत दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात तयार झाली. मेंढीची खालची पापणी खाली ओढून आतला रंग बघायचा. लालबुंद असेल तर ठीक. गुलाबी झाली तर लक्ष ठेवायचं. पांढरट असेल तर जंताचं औषध लगेच. असा पाच रंगांचा तक्ताच त्यांनी केला. यामुळे गरज नसताना सगळ्या कळपाला औषध पाजावं लागत नाही आणि औषधाचा गुण टिकून राहतो. मात्र गाभण मेंढीला कोणतं औषध चालतं हे विचारून घ्यायचं. नेहमीच्या वापरातली काही औषधं गाभाच्या पहिल्या महिन्यात दिली तर कोकरात व्यंग येऊ शकतं.

जंताचा आणि चाऱ्याचा थेट संबंध आहे. ज्या मेंढीला पोटभर प्रथिनं मिळतात ती जंतांशी चांगली झुंजते. उपाशी मेंढीला औषध पाजूनही ती उभी राहत नाही.

मैत्रिणींनो, आता जरा थांबा आणि शेजारणीची पापणी खाली ओढून बघा. हसू नका, खरंच बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. गाभण मेंढीला शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक लागतो हे ज्या घराला पटतं, त्याच घरात सातव्या महिन्यातली सून सगळ्यांची पानं झाल्यावर उरलेलं खाते. मटण शिजलं तर फोडी पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या ताटात, बाईच्या वाट्याला रस्सा आणि हाडं. मेंढीला वाढवून मटण तयार करणारी बाई स्वतः मटण खात नाही. मेंढीला कमी घाला असं मी म्हणत नाही. जो हिशेब मेंढीला लावता तोच बाईला लावा, एवढंच म्हणते.

चाऱ्याची चव मटणात उतरते

आपल्यातल्या काहीजणी मटण खात नसतील, पण ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना हे समजलं पाहिजे. चरून वाढलेल्या मेंढराच्या मटणात चरबी कमी असते, आणि हिरव्या चाऱ्यामुळे हृदयाला चांगली समजली जाणारी ओमेगा-३ प्रकारची चरबी तुलनेनं जास्त असते. हिरव्या चाऱ्यातल्या ई जीवनसत्त्वामुळे मटणाचा लाल रंगही जास्त वेळ टिकतो. भरड्यावर, मक्यावर बांधून वाढवलेलं जनावर वजनाला लवकर भरतं, मांस मऊ असतं, पण चरबी जास्त सुटते. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत चराईला थोड्या खुराकाची जोड दिली तर दोन्हींचा फायदा मिळतो. नर कोकरांना धान्य फार दिलं तर मात्र लघवीत खडे होऊन ती तुंबते, म्हणून तिथेही बेतानं, आणि प्यायला भरपूर पाणी.

अजून एक. बाजाराच्या आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेलं, उन्हात उभं केलेलं, टेम्पोत कोंबून रात्रभर नेलेलं जनावर थकतं, घाबरतं. त्याच्या स्नायूंतला साखरेचा साठा संपतो. अशा जनावराचं मटण काळपट, कोरडं होतं आणि लवकर खराब होतं. वर्षभर बाईनं घातलेला चारा एका रात्रीच्या हेळसांडीनं वाया जातो.

व्यापाऱ्याला हे सगळं कळतं. तो जनावराजवळ येतो आणि पाठीवर, कमरेच्या मणक्यावर हात ठेवतो. हाडं टोचली तर रोड, मांसानं भरलेली असली तर चांगलं, हाडं लागतच नसतील तर चरबी. या हाताच्या परीक्षेला शास्त्रातही जागा आहे. एक ते पाच असे गुण देतात. हाच हात तुम्ही रोज फिरवता, नुसता गुण देत नाही. व्यापारी मनातल्या मनात वजन धरतो, मग अंदाजानं उक्ती किंमत सांगतो. जिवंत वजनाच्या साधारण निम्मं किंवा त्याहून थोडं कमी मटण निघतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. विकणाऱ्याला जिवंत वजनही ठाऊक नसतं. ज्याच्याकडे काटा नाही त्याच्याकडे हिशेब नाही, आणि ज्याच्याकडे हिशेब नाही त्यानं सांगितलेल्या भावाला मान हलवायची.

बांधून पाळायची तर कोणाच्या कष्टावर?

चराईची रानं कमी होत गेली. माळ पडीक म्हणून वाटले गेले, काही ठिकाणी बागा आल्या, काही ठिकाणी वनखात्यानं झाडं लावली. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं. माळढोक वाचायला हवा होता यात वाद नाही, पण माळावर चरणाऱ्या मेंढरांचं आणि त्यांच्या मागे असणाऱ्या माणसांचं काय, हा प्रश्न त्या वेळी कोणी बायांना विचारला नाही. पवन्या, मारवेल यांसारखी चांगली गवतं जास्त चराईनं संपतात आणि कुसळी उरते. तिची कुसळं मेंढरांच्या तोंडात आणि कातड्यात घुसतात.

यावर ‘बंदिस्त मेंढीपालन करा’ असा सल्ला दिला जातो. सल्ला वाईट नाही. पण त्यात काय होतं बघा. मेंढरं रानात होती तेव्हा त्यांच्यामागे चालणं हे बहुतेक पुरुषाचं काम होतं. मेंढरं गोठ्यात आली की चारा कापणं, डोक्यावरून आणणं, तोडून घालणं, हंड्यानं पाणी आणणं, लेंड्या झाडणं ही सगळी कामं बाईची होतात. एका मेंढीला उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. वीस मेंढ्या म्हणजे किती हंडे, ते तुम्हीच मोजा. पुरुषाची पायपीट वाचते आणि तिचं ओझं होऊन ते बाईच्या डोक्यावर येतं. प्रकल्पाच्या हिशेबात मजुरी धरलेली नसते, कारण ती ‘घरची’.

दुष्काळातही हेच. २०१९ च्या उन्हाळ्यात सांगोला, मंगळवेढा भागात ज्या छावण्या उघडल्या त्या मुख्यतः गाई-बैलांच्या. ज्या घरात गाय नाही, दहा मेंढ्या आणि चार शेळ्या आहेत, ते घर बहुधा सगळ्यात गरीब असतं, आणि बरेचदा ते एकट्या बाईचं असतं.

आपण काय करू शकतो

आता कामाचं बोलू.

एक, वही आणि काटा. प्रत्येक गटानं एक टांगता काटा घ्यावा. महिन्याला कोकरांचं वजन करून वहीत लिहावं. कोणता चारा घातला, किती खुराक विकत आणला, काय मेलं, कशानं मेलं हेही लिहावं. बाजारात जनावर जाण्याआधी त्याचं वजन घरच्या बाईला माहीत असलं पाहिजे.

दोन, चाऱ्याची बेगमी एकत्र. सुगीत भुसकट स्वस्त असतं, उन्हाळ्यात महाग. बचतगटाच्या पैशातून सुगीतच तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट घेऊन कोरड्या जागी साठवता येईल. बांधावर शेवरी, हादगा लावता येईल. सुबाभूळ लावलीत तर ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नका, लोकर झडते.

तीन, प्रशिक्षण. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं एक प्रक्षेत्र आपल्याच सांगोला तालुक्यात महूदला आहे. तिथल्या प्रशिक्षणाला बायांची नावं द्या. लसीकरणाची गाडी गावात येते ती वेळ बायांना विचारून ठरावी, अशी मागणी पशुवैद्यकीय दवाखान्यात लेखी द्या. जी चारा घालते तिला सांगितलं नाही तर सांगितलेलं वाया जातं.

चार, नाव. २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आली. वीस मेंढ्या आणि एक नर, पंचाहत्तर टक्के अनुदान. अशा कोणत्याही योजनेचा अर्ज भरताना आधी विचारा, लाभार्थी कोण? कळप बाईच्या नावावर असेल तर विमा तिच्या नावावर, नुकसानभरपाई तिच्या नावावर, आणि घर मोडायची वेळ आली तर जनावरांवर तिचा हक्क कागदावर.

पाच, दुष्काळ जाहीर होईल तेव्हा लहान जनावरांसाठी छावणी किंवा दावणीला चारा, ही मागणी आपल्या संघटनेनं पहिल्या दिवसापासून लावून धरायची.

आणि सहावी गोष्ट कोणत्याही खात्याकडे मागायची नाही, घरातच करायची. ज्या दिवशी गाभण मेंढीला वेगळा खुराक काढाल त्या दिवशी घरातल्या गरोदर बाईचं ताटही वेगळं आणि आधी वाढा. चाऱ्याचं शास्त्र आपल्याला समजतं, हे आपण रोज सिद्ध करतो. आता तेच शास्त्र आपल्या बाजूनं वापरायचं आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या मेंढ्यांची, त्यांना मिळणाऱ्या चाऱ्याची आणि त्या मेंढ्या कोणाच्या नावावर आहेत याची यादी आणावी. चर्चा तिथूनच सुरू करू.